फिलाडेल्फियाचा एकच उन्हाळा : १९३२ चा 'फिलीज' संघ

बेसबॉलच्या इतिहासात जिंकणाऱ्या संघांवर ग्रंथांच्या राशी आहेत. हरणाऱ्या संघांच्या वाट्याला बहुधा विनोदच येतात. फिलाडेल्फिया शहरातील 'फिलीज' या व्यावसायिक संघाबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध विनोद तर साबणाचा आहे. आणि तो साबण आपल्या घराघरांत ठाऊक असलेला लाइफबॉय! दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या संघाच्या मैदानाच्या उजव्या बाजूला पत्र्याने मढवलेली एक अवाढव्य भिंत होती. 'फिलीज लाइफबॉय वापरतात', अशी जाहिरात तिच्यावर ठळक अक्षरांत झळकत असे. एका रात्री कोणा वात्रट प्रेक्षकाने तिच्याखाली 'तरीही घाण वास येतोच' अशा अर्थाची ओळ रंगवली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शहराने ती आनंदाने खरी मानली, कारण संघाची कामगिरीच तशी होती.

१९१८ ते १९४८ या ३१ हंगामांत फिलीजच्या विजयांची संख्या पराभवांपेक्षा अधिक भरली ती केवळ एकदा, १९३२ मध्ये. त्या वर्षी संघाने ७८ सामने जिंकले, ७६ गमावले आणि आठ संघांच्या नॅशनल लीगमध्ये चौथा क्रमांक पटकावला. दोन सामन्यांचा हा फरक वाचून कोणी हसेल. पण त्याच्या आधी सलग १४ आणि नंतर सलग १६ हंगाम तोट्याचे गेले, हे ध्यानात घेतले की या दोन सामन्यांचे मोल कळते. तो हंगाम कसा घडला आणि त्याची पुनरावृत्ती का झाली नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

उताराची सुरुवात

फिलीज मुळात दुबळा संघ नव्हता. १९१५ मध्ये त्याने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले होते. जगज्जेतेपदाच्या मालिकेत, म्हणजे 'वर्ल्ड सीरीज'मध्ये, बोस्टनच्या 'रेड सॉक्स'ने त्याला चार विरुद्ध एक असे हरवले, पण त्या काळी फिलीजचा दरारा होता. त्याचे श्रेय मुख्यत्वे ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर या गोलंदाजाचे. (बेसबॉलमध्ये त्याला 'पिचर' म्हणतात. मराठी वाचकांच्या सोयीसाठी येथे गोलंदाज म्हणू.) १९१५ च्या हंगामात अलेक्झांडरने एकट्याने ३१ सामने जिंकून दिले. १९१७ मध्येही संघ दुसरा आला.

त्या हंगामानंतर मालक विल्यम बेकर यांनी अलेक्झांडर आणि त्याचा विश्वासू कॅचर बिल किलिफर यांना शिकागो कब्जला देऊन टाकले. मोबदल्यात दोन सामान्य खेळाडू आले आणि रोख रक्कम आली. अलेक्झांडरला महायुद्धासाठी सैन्यात बोलावले जाईल, तेव्हा त्याआधीच त्याचे पैसे करून घ्यावेत, असा हा हिशेब होता. बेकर हे न्यूयॉर्कचे माजी पोलीस आयुक्त. खर्चाच्या बाबतीत त्यांचा हात इतका आखडता होता, की मैदानावरचे गवत कापण्यासाठी यंत्राऐवजी मेंढ्या पाळल्या गेल्या होत्या, असे सांगतात. अलेक्झांडर गेला आणि संघ कोसळला. १९१९ ते १९३० या १२ वर्षांत फिलीज आठ वेळा तळाशी राहिले.

बेकर यांच्या कंजूषपणाच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, पण त्यांच्या पलीकडे अर्थकारणाचा भागही होता. मैदान भाडेपट्ट्याचे होते आणि त्याची क्षमता जेमतेम १८ हजारांची. पेनसिल्व्हेनिया राज्यात १७९४ च्या एका जुन्या कायद्यान्वये रविवारी व्यावसायिक खेळांना बंदी होती. आठवडाभर गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराला सुट्टी मिळे त्याच दिवशी मैदानाला कुलूप! प्रकाशझोतातले रात्रीचे सामने तर लीगमध्ये १९३५ पर्यंत सुरूच झाले नव्हते. शिवाय त्याच शहरात, त्याच रस्त्यावर काही चौक पलीकडे कॉनी मॅक यांचा 'अॅथलेटिक्स' हा दुसरा संघ अमेरिकन लीगमध्ये खेळत होता. १९२९, १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. तिकिटाचे पैसे खर्च करणाऱ्या प्रेक्षकाने फिलीजकडे का वळावे?

भिंत आणि क्लाइन

मैदानाचे लोकमान्य नाव 'बेकर बाऊल'. ब्रॉड स्ट्रीट आणि लीहाय अॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर, रेल्वेच्या बोगद्याच्या डोक्यावर वसलेले हे मैदान चारही बाजूंनी चेपलेले होते. बोगद्यामुळे मधल्या भागाला किंचित उंचवटा आलेला, म्हणून लोक त्याला 'द हम्प' म्हणजे 'कुबड' असेही म्हणत. १८९५ मध्ये पोलाद-विटांनी उभारले तेव्हा ते देशातले अत्याधुनिक मैदान गणले गेले. पण पुढे त्याची डागडुजी झाली नाही. १९०३ मध्ये सज्जा कोसळून १२ जणांचा बळी गेला, १९२७ मध्ये प्रेक्षागृहाचा भाग पुन्हा खचला.

या मैदानाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे उजवी बाजू. फलंदाज उभा राहतो तेथून उजव्या कोपऱ्यातील कुंपण अवघ्या २८० फुटांवर होते. आजच्या नियमानुसार नव्या मैदानात हे अंतर किमान ३२५ फूट हवे. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथे भिंत आणि तिच्यावर जाळी मिळून सुमारे ६० फुटांची, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी उंची साधली होती. डावखुरा फलंदाज स्वाभाविकपणे उजवीकडे फटकावतो, म्हणून त्याच्यासाठी हे मैदान म्हणजे पर्वणी. उंच उडालेला चेंडू जाळीपलीकडे जाई, सपाट फटका पत्र्यावर आदळून धडाड् आवाज करत परत येई. अन्य मैदानांवर सहज झेल झाला असता असा चेंडू येथे धावा देऊन जाई. अर्थात पाहुण्या संघाचे फलंदाजही त्याच भिंतीसमोर उभे राहत, आणि फिलीजचे गोलंदाज त्या भिंतीकडे पाठ करून वर्षभर रडत.

याचे पराकोटीचे उदाहरण म्हणजे १९३० चा हंगाम. त्या वर्षी संपूर्ण संघाची फलंदाजीची सरासरी .३१५ होती. म्हणजे दर हजार संधींमागे ३१५ यशस्वी फटके. एखाद्या फलंदाजाची सरासरी .३०० च्या वर गेली तर तो उत्तम मानला जातो, आणि येथे अख्खा संघच उत्तम! तरीही फिलीजने ५२ सामने जिंकले आणि १०२ गमावले, कारण त्यांच्या गोलंदाजांनी ११९९ धावा दिल्या. इतक्या धावा करून तळाशी राहण्याचा असा पराक्रम विरळाच.

याच भिंतीच्या सावलीत चक क्लाइन मोठा झाला. इंडियानापोलिसचा हा तरुण व्यावसायिक खेळाडू होण्यापूर्वी पोलादाच्या कारखान्यात काम करत असे. १९२८ च्या जुलैमध्ये तो फिलीजकडे आला आणि पुढच्याच वर्षापासून लीगमधला सर्वांत धोकादायक डावखुरा फलंदाज ठरला. उजव्या बाजूचे क्षेत्ररक्षणही त्याच्याकडेच होते. पत्र्यावरून चेंडू कसा उसळेल याचा त्याने इतका बारीक अभ्यास केला, की १९३० मध्ये तेथून अचूक फेक करून त्याने ४४ गडी बाद करण्यात वाटा उचलला. विसाव्या शतकापासूनच्या बेसबॉलमधला हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. भिंतीमुळे क्लाइनला धावा मिळाल्या असे म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही पाहावी.

तुकडे जोडून संघ

१९३२ चा संघ आकाशातून पडला नाही. त्याचे बीज १९३० च्या शरद ऋतूतील दोन व्यवहारांत होते. पहिल्यात लेफ्टी ओ'डूल हा फलंदाज ब्रुकलिनला गेला. ओ'डूलने १९२९ मध्ये .३९८ च्या सरासरीने २५४ यशस्वी फटके मारले होते. असा माणूस विकल्याबद्दल शहरात बोंब होणे साहजिकच होते. पण त्याच्या बदल्यात पैशांबरोबरच जंबो एलियट हा धिप्पाड डावखुरा गोलंदाज आणि हॅल ली हा तरुण फलंदाज आले. एलियटने १९३१ मध्ये १९ विजय मिळवून लीगमधील पहिल्या क्रमांकात वाटेकरी होण्याचा मान मिळवला. दुसऱ्या व्यवहारात पिट्सबर्गहून डिक बार्टेल आला. अंगाने लहान, जिभेने तिखट आणि शॉर्टस्टॉपच्या जागी अत्यंत चपळ.

१९३० च्या डिसेंबरमध्ये बेकर यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रात क्लबच्या कार्यालयातील सचिव मे न्यूजंट यांना समभागांचा मोठा वाटा मिळाला होता, आणि १९३२ पासून त्यांचे पती जेराल्ड न्यूजंट अध्यक्ष झाले. त्यांच्याजवळ स्वतःची मोठी संपत्ती नव्हती. संघ हेच त्यांचे उत्पन्न. पुढील घटना समजून घेताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

व्यवस्थापक, म्हणजे मैदानावरचा सूत्रधार, होता बर्ट शॉटन. १९२८ पासून तो या बुडत्या जहाजावर टिकून होता. शांत, संयमी, खेळाडूंवर न ओरडणारा हा माणूस. पूर्वी सेंट लुईसमध्ये असताना, धार्मिक कारणाने रविवारी मैदानावर न येणाऱ्या ब्रँच रिकी यांच्या जागी तो संघ सांभाळत असे. त्याच्या हाती कधीच धड संघ आला नाही. आला तो याच एका वर्षी.

तो हंगाम

१९३२ मध्ये फिलीजने ८४४ धावा केल्या. लीगमध्ये आठशेचा टप्पा ओलांडणारा तो एकमेव संघ. १२२ होमरन हीदेखील लीगमधली सर्वोच्च संख्या. धावांचा हा पाऊस एकट्या क्लाइनचा नव्हता, हे त्या वर्षाचे वेगळेपण. पहिल्या बेसवरचा डावखुरा डॉन हर्स्ट .३३९ च्या सरासरीने खेळला, आणि त्याच्या फटक्यांवर १४३ धावा वसूल झाल्या. त्याबाबतीत तो लीगमध्ये पहिला आला. पहिल्या बेसवर खेळणाऱ्या फिलीज खेळाडूचा हा विक्रम रायन हॉवर्डने २००६ मध्ये मोडला, म्हणजे तो तब्बल ७४ वर्षे टिकला. क्लाइनने १३७ धावा वसूल केल्या, तिसऱ्या बेसवरच्या पिंकी व्हिटनीने १२४. कॅचर स्पड डेव्हिस .३३६ वर, बार्टेल .३०८ वर. मधल्या क्षेत्रातला किडो डेव्हिस त्या वर्षी व्यवहारतः नवखाच होता, तोही .३०० च्या वर. हॅल लीनेही तीच मजल मारली.

क्लाइनचे आकडे मात्र स्वतंत्र परिच्छेद मागतात. .३४८ ची सरासरी, २२६ यशस्वी फटके, ३८ होमरन आणि स्वतः पूर्ण केलेल्या १५२ धावा. होमरनच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या मेल ऑटशी त्याची बरोबरी झाली. एवढेच नव्हे, २० बेस चोरून तो त्यातही लीगमध्ये अव्वल ठरला. बलदंड फटकेबाजी आणि चपळाई या दोन्हींत एकाच वर्षी अग्रस्थान मिळवणारा याआधीचा खेळाडू म्हणजे १९०९ चा टाय कॉब. क्रीडा पत्रकारांनी क्लाइनला नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून निवडले. योगायोग असा, की अमेरिकन लीगमधील तोच सन्मान त्या वर्षी अॅथलेटिक्सच्या जिमी फॉक्सला मिळाला, म्हणजे दोन्ही मानकरी फिलाडेल्फियाचेच.

गोलंदाजी मात्र तशीच राहिली. दर नऊ डावांमागे ४.४७ धावा, लीगमधली सर्वांत वाईट सरासरी. तरीही १९३० शी तुलना करता एक मोठा फरक होता. तेव्हा ११९९ धावा दिल्या होत्या, आता ७९६. असामान्य असा एकही गोलंदाज नव्हता. पण फिल कॉलिन्सने १४ विजय मिळवले, रे बेंजने १३, आणि एलियट, एड हॉली, फ्लिंट ऱ्हेम व स्नाइप हॅन्सन यांनी प्रत्येकी दहा-अकरा. ओझे सहा खांद्यांवर वाटले गेले. यातला ऱ्हेम हा वल्लीच. जून १९३२ मध्ये तो सेंट लुईसकडून आला. दारूबंदीच्या काळात, १९३० मध्ये, ऐन मोक्याच्या मालिकेआधी तो हॉटेलातून गायब झाला होता. परतल्यावर गुंडांनी पळवून नेऊन बळजबरीने दारू पाजली, असा खुलासा त्याने केला होता. शॉटनने त्याच्याकडून या हंगामात ११ विजय काढून घेतले.

घरच्या मैदानावर फिलीजने ४५ सामने जिंकले आणि ३२ गमावले. बाहेर मात्र ३३ विजय आणि ४४ पराभव. भिंतीने किती साथ दिली हे या आकड्यांवरून उघड आहे. पण ती भिंत १९२८ मध्येही तेथेच होती, आणि तेव्हाचा संघ तळाशी होता. तेव्हा सगळे श्रेय विटा-पत्र्याला देणे मला तरी पटत नाही. मैदानाचा लाभ उठवायला दोन दर्जेदार डावखुरे फलंदाज, त्यांच्या मागेपुढे धावणारे खंदे साथीदार आणि पडझड मर्यादेत ठेवणारे गोलंदाज लागतात. ते त्या एका वर्षी एकत्र आले.

अंतिम क्रमवारीत शिकागो कब्ज ९० विजयांसह पहिले, मग पिट्सबर्ग, ब्रुकलिन आणि चौथे फिलीज. वरच्या निम्म्यात येणे हीच तेव्हा प्रतिष्ठेची रेषा मानली जाई. ज्यांना फिलीजने मागे टाकले त्यांत १९३१ चे जगज्जेते सेंट लुईस कार्डिनल्स होते आणि न्यूयॉर्क जायंट्सही. हे दोन्ही संघ ७२ विजयांवर थांबले. जायंट्सचे ३० वर्षांचे सर्वेसर्वा जॉन मॅग्रॉ यांनी त्याच वर्षी ३ जूनला पद सोडले. फलंदाजीच्या सरासरीतले लीगचे अग्रस्थान मिळाले .३६८ च्या मानकऱ्याला, आणि तो होता ब्रुकलिनला गेलेला ओ'डूल!

इतिहासाने मात्र त्या वर्षातून दुसरेच प्रसंग उचलले. शिकागोत १ ऑक्टोबरला बेब रूथने बोट दाखवून मग मारलेला म्हणतात तो होमरन सर्वांच्या लक्षात आहे. फिलीजचा चौथा क्रमांक आकडेवारीच्या पुस्तकात राहिला.

यशाची किंमत

सर्वांत बोचणारा आकडा प्रेक्षकांचा. महामंदी ऐन भरात होती, शहरात बेकारांच्या रांगा लागलेल्या. १९३१ मध्ये सहाव्या क्रमांकावरचा संघ पाहायला सुमारे २ लाख ८५ हजार लोक आले होते. १९३२ मध्ये, पंधरा वर्षांतल्या सर्वोत्तम संघासाठी आले ते सुमारे २ लाख ६९ हजार. संघ सुधारला आणि गर्दी घटली!

न्यूजंट यांच्यापुढे मग जो मार्ग उरला तो त्यांनी निवडला. हंगाम चांगला गेल्याने खेळाडूंचा भाव वाढला होता, आणि विकण्याजोगी दुसरी चीज त्यांच्याजवळ नव्हती. डिसेंबर १९३२ मध्येच बेंज ब्रुकलिनला आणि किडो डेव्हिस जायंट्सकडे गेले. जून १९३३ मध्ये व्हिटनी आणि ली बोस्टनला रवाना झाले. त्या वर्षी क्लाइनने सरासरी, होमरन आणि वसूल केलेल्या धावा या तिन्हींत अव्वल येऊन 'तिहेरी मुकुट' मिळवला, पण संघ ६० विजयांसह सातवा आला. प्रेक्षकसंख्या दीड लाखाच्या आसपास घसरली. नोव्हेंबरमध्ये क्लाइनच शिकागोला गेला. बदल्यात तीन खेळाडू आणि ६५ हजार डॉलर आले. त्याच महिन्यात स्पड डेव्हिस सेंट लुईसला गेला, १९३४ मध्ये हर्स्ट शिकागोला, वर्षअखेरीस बार्टेल जायंट्सकडे. दोन वर्षांत अख्खी फळी विकली गेली. शॉटनही १९३३ नंतर राहिला नाही.

न्यूजंट यांना शहराने खलनायक ठरवले. पण त्याच मंदीत कॉनी मॅक यांच्यासारख्या दिग्गजानेही सप्टेंबर १९३२ मध्ये आपले तीन खंदे खेळाडू शिकागो व्हाइट सॉक्सला एक लाख डॉलरना विकले होते. मॅक यांना दूरदर्शी म्हणायचे आणि न्यूजंट यांना कसाई, हा न्याय नव्हे. उलट न्यूजंट यांना खेळाडू पारखण्याची दृष्टी होती. डॉल्फ कॅमिली, बकी वॉल्टर्स, क्लॉड पासो, कर्बी हिग्बी हे पुढे अन्य संघांचे आधारस्तंभ ठरलेले खेळाडू फिलीजमध्येच नावारूपाला आले. चूक पारखण्यात नव्हती. पारखलेला माल दुकानात ठेवणे परवडत नव्हते.

रविवारचे सामने १९३४ पासून सुरू झाले, पण तोवर प्रेक्षकांनी पाहावे असे संघात फारसे उरले नव्हते. ३० जून १९३८ रोजी बेकर बाऊलमध्ये शेवटचा सामना झाला आणि संघ अॅथलेटिक्सच्या शाइब पार्कमध्ये भाडेकरू म्हणून गेला. १९३८ ते १९४२ या पाचही वर्षांत फिलीजने प्रत्येकी शंभर वा अधिक सामने गमावले. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॅशनल लीगने संघ न्यूजंट यांच्याकडून काढून घेतला.

क्लाइनला शिकागोत पूर्वीची लय सापडली नाही. १९३६ मध्ये तो फिलीजकडे परतला. त्याच वर्षी १० जुलैला त्याने एका सामन्यात चार होमरन मारले, तेही बेकर बाऊलमध्ये नव्हे तर पिट्सबर्गच्या विस्तीर्ण फोर्ब्स फील्डवर. एकूण ३०० होमरन आणि .३२० ची सरासरी घेऊन १९४४ मध्ये तो थांबला. १९५८ मध्ये त्याचे निधन झाले. 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली ती १९८० मध्ये. भिंतीच्या आरोपाने त्याचा पिच्छा इतकी वर्षे पुरवला, असे म्हणायला जागा आहे.

फिलीजचा पुढचा फायद्याचा हंगाम उजाडला १९४९ मध्ये. नव्या, धनाढ्य मालकाखाली संघ तिसरा आला. त्या वर्षी लीगचे विजेतेपद मिळवले ब्रुकलिन डॉजर्सने, आणि त्यांचा व्यवस्थापक होता ६४ वर्षांचा बर्ट शॉटन. रिकी यांनीच त्याला १९४७ मध्ये तेथे बोलावले होते, जॅकी रॉबिन्सनच्या पहिल्या हंगामात. १ ऑक्टोबर १९५० रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर फिलीज आणि डॉजर्स समोरासमोर आले. दहाव्या डावात डिक सिस्लरच्या होमरनने फिलीजने ४-१ असा विजय मिळवून ३५ वर्षांनी विजेतेपद खेचून आणले. समोरच्या डगआऊटमध्ये शॉटन बसला होता, नेहमीप्रमाणे गणवेशाऐवजी साध्या कपड्यांत.